हवेतला फिनलंडवाला

माझ्या आत्याच्या दिरांनी आयुष्यात बर्फ पाहिला तो फक्त रसवंतीवरचा, गोणपाटात आणि लाकडाच्या भुशात गुंडाळलेला. तरीही बर्फावरच्या खेळांविषयी त्यांच्याइतक्या अधिकाराने बोलणारा माणूस पुणे जिल्ह्यात दुसरा झाला नाही. हे मी जिल्हाभर हिंडून, खात्री करून सांगते आहे अशातला भाग नाही. पण पळसदेवात राहून, पिठाची गिरणी चालवत, फिनलंड नावाच्या देशात आज वारा कुठून सुटला आहे हे संध्याकाळी गावाला जाहीर करणारा माणूस एकाच तालुक्यात दोनदा जन्माला येईल, असं मला तरी वाटत नाही.

आम्ही बारामतीचे. आत्या पळसदेवात दिलेली. मी इंग्रजी शाळेत शिकले आणि घरात पाहुणे आले की स्वयंपाकघरात जाऊन बसायला लागले, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे अशी माझ्या आईची समजूत होती. म्हणून कॉलेजला सुट्टी लागली की मला भिगवणमार्गे जाणाऱ्या एसटीत बसवून दिलं जाई. तिकडे चार माणसांत राहून जरा बोलायला शिकेल, हा हेतू. तिकडे गेल्यावर लक्षात येई की बोलण्याचं सगळं काम आत्याच्या दिरांनी आधीच अंगावर घेतलेलं आहे आणि दुसऱ्या कुणासाठी त्यात काही शिल्लक उरलेलं नाही. मला ते फार सोयीचं होतं. मी त्यांना काका म्हणे, आत्या भावजी म्हणे आणि गाव तात्या म्हणे. उंची बेताची, आवाज उंचीच्या मानाने फारच मोठा, आणि भुवयांवर, मिशीवर, कानांच्या पाळ्यांवर कायम पीठ. त्या पिठामुळे त्यांचं वय नेमकं किती हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. आंघोळ करून, पांढरा सदरा घालून ते रस्त्यावर आले, की समोरचा माणूस क्षणभर परका बघितल्यासारखा थबके आणि मग म्हणे, "आरं, तात्या व्हय! मला वाटलं पाव्हणं हायेत कुणाचं."

गिरणीत त्यांनी स्वतःचं वेळापत्रक बसवलं होतं. सकाळी गहू, दुपारी ज्वारी आणि बाजरी, संध्याकाळी खेळ. हे 'खेळ' म्हणजे गिरणीमागच्या खोलीतून चालणारी केबल. गिरणीच्या पत्र्यावर जाळीची भली मोठी छत्री बसवलेली होती, खोलीत एक टीव्ही आणि काही यंत्रं होती, आणि तिथून निघालेल्या वायरी लिंबाच्या फांद्यांवरून, देवळाच्या भिंतीवरून, कुणाच्या तरी गोठ्याच्या वाशावरून गावभर गेल्या होत्या. त्या वायरींतून बायकांसाठी मालिका जात, पोरांसाठी गाणी जात, पण काकांच्या मते केबल या वस्तूचा शोध खेळासाठी लागला होता आणि बाकीचं सगळं त्यात चुकून शिरलं होतं. छत्रीबद्दल मात्र त्यांचं मन मोठं होतं. ती पत्र्यावर, भर उन्हात आणि जाळीची असल्यामुळे आत्याने तिच्यात सांडगे वाळत घातले होते. चित्रावर मुंग्या दिसायला लागल्या तेव्हा काका शिडी लावून वर गेले, सांडगे पाहिले, एक उचलून दाताखाली दाबून पाहिला आणि खाली येऊन म्हणाले, "वयनी, अजून ओलं हायेत. उद्या सकाळी काढा. उद्या मॅच हाय." तोवर गावाने मुंग्या पाहिल्या. तक्रार करायला आलेल्यांना त्यांनी कारण सांगितलं आणि ते सगळ्यांना पटलं.

केबलच्या आधी काका जत्रेतल्या कुस्त्यांच्या मैदानात पुकारणी करत. हातात कर्णा घेऊन जोडीची नावं, गावं, वस्ताद, सगळं सांगायचं. पुढे लाऊडस्पीकर आला, पण त्याचा काकांच्या आवाजात काही फरक पडला नाही. ते इतकं रंगवून सांगत, की एका मैदानात दोन पैलवान एकमेकांच्या माना धरून उभे राहिले आणि आपण पुढे काय करणार आहोत हे ऐकत बसले, असं आत्याचे यजमान शपथेवर सांगतात. पंचांनी शेवटी काकांनाच गप्प राहायला सांगितलं, तेव्हा कुठे कुस्ती निकालात निघाली. तर असा हा माणूस. त्याच्या हातात खेळाचं चॅनेल आलं आणि त्यावर एक गोरा माणूस सावकाश, थांबत थांबत, इंग्रजीत बोलताना दिसला. काकांनी तो दोन दिवस सहन केला. "ह्यो बोलतोय का च्या पितोय?" असं त्यांनी मला विचारलं, आणि तिसऱ्या दिवशी त्याचा आवाज बंद करून, मैदानातला जुना माइक यंत्राला जोडून, स्वतः बोलायला सुरुवात केली.

पण खरं कारण आबा होते. आबा म्हणजे काकांचे आणि आत्याच्या यजमानांचे वडील. तरुणपणी मेंढरं घेऊन मुलूख पालथा घातलेले, आणि मुक्काम पडेल त्या गावच्या तालमीत उतरून कुस्ती करून आलेले. त्यांची स्वतःची तालीम जुन्या पळसदेवात होती, ती गावाबरोबर धरणाच्या पाण्याखाली गेली. काही वर्षांनी काचबिंदूने आबांचे दोन्ही डोळे गेले. आबांनी या दोन्ही गोष्टींबद्दल कधी तक्रार केल्याचं कुणी ऐकलं नाही. फक्त त्यांना खेळ लागे. गिरणीमागच्या खोलीत त्यांची बाज होती, टीव्हीकडे पाय करून. दिवसभर ते गिरणीच्या पट्ट्याचा आवाज ऐकत पडून असत, आणि संध्याकाळी गिरणी थांबली की उठून बसत, मुंडासं नीट करत आणि म्हणत, "हां. बोल आता." मग काका बोलत. खोलीत माइक चालू असल्यामुळे आबांचे प्रश्नही गावभर जात. कुणाच्या घरी पाहुणा आला तर त्याला आधी सांगावं लागे की हा मधूनच खोकणारा आवाज टीव्हीतला नाही, आमच्या आबांचा आहे.

माझं काम हेडफोनचं होतं. काकांना चित्र दिसे, पण कोण कुठला, कोण पुढे, कोण मागे, हे गोरा माणूस इंग्रजीत सांगे. ते मी कानाला हेडफोन लावून ऐकायचं आणि काकांच्या कानात पुटपुटायचं. मला पुटपुटायला काही वाटत नाही, मोठ्याने बोलायला वाटतं, त्यामुळे आमचं जमलं. मी हळूच सांगे, "हा गेल्या वर्षी आजारी होता." काका माइक तोंडाशी धरून गावाला सांगत, "मंडळी, ह्यो गडी वरीसभर अंथरुणाला खिळलेला! डॉक्टरांनी हात टेकलं! आई उशाला बसून! आन् आज बघा, आज मांडी थोपटून मैदानात उभा हाय!" मग माइकवर हात ठेवून मला विचारत, "अजून काय म्हणतोय?" मी म्हणे, "एवढंच." ते माझ्याकडे अशा नजरेने बघत, जणू काही गोरा पुष्कळ बोलला होता आणि मी कंजूषपणाने अर्धं स्वतःजवळ ठेवलं होतं. "तुमच्या विंग्रजीत पानी कमी हाय," असं त्यांचं मत पडलं.

एका थंडीत क्रिकेट कुठेच चालू नव्हतं आणि चॅनेलवाल्यांनी वेळ भरायला बर्फातले खेळ लावले. एका उंच डोंगरावर लाकडी घसरगुंडी बांधलेली. माणूस पायांना लांब फळ्या बांधून तिच्यावरून घसरत येई, टोकाला आला की हवेत झेप घेई आणि पुढे वाकून, हात अंगाशी धरून, बराच वेळ हवेतच राही. मग खाली उतरे. जो जास्त लांब जाईल तो जिंकला. काका प्रथमच गप्प झाले. आबांनी विचारलं, "काय चाललंय रं?" काका म्हणाले, "आबा, माणूस उडतोय." "पडला?" "न्हाय. अजून न्हाय." "पाठ टेकली का?" "न्हाय आबा. पायावर उतरला." आबा बाजेवर पुढे सरकले. कुस्तीत पाठ जमिनीला टेकली की संपलं. हा तर जमीनच सोडून गेला होता आणि पायांवर परत आला होता. आबांच्या मते हा कुस्तीच्या पुढचा खेळ होता. "कुठला म्हणायचा ह्यो?" त्यांनी विचारलं. मी हेडफोनमधून ऐकून सांगितलं, फिनलंडचा. पुढच्या खेपेला मी बारामतीहून शाळेतलं भूगोलाचं जाडं पुस्तक घेऊन गेले. त्यात होतं, की फिनलंडच्या उत्तरेला लोक रेनडिअरचे कळप पाळतात आणि त्यांच्या मागे हिंडतात. मी ते वाचून दाखवलं. आबांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजे आपल्यासारखंच खांडव्यामागं हिंडणारी मानसं! मग गडी तयार आसणारच." त्या दिवसापासून त्या उंच, पोरसवदा खेळाडूला गावात 'फिनलंडवाला' हे नाव पडलं. त्याचं खरं नाव मी दोनदा सांगून पाहिलं, पण ते कुणालाच नको होतं.

आणि मग चॅनेल पैशाचं झालं. त्याआधी छत्री वळवली की सगळं फुकट उतरत असे. आता कंपनीची पेटी लावली तरच चित्र दिसणार होतं. काका इंदापूरला गेले, पुण्याला जाऊन आले. एवढ्याशा गावासाठी वेगळी पेटी देत नसतो, असं त्यांना सांगण्यात आलं. ते परत आले तेव्हा त्यांच्या अंगावर पीठ नव्हतं, आणि त्यामुळे ते फारच दमलेले दिसत होते. मी तेव्हा तिथेच होते. संध्याकाळी गिरणी थांबली. काकांनी सवयीने टीव्ही लावला. पडद्यावर आडव्या पट्ट्या सरकत होत्या, करड्या आणि हिरव्या, दुसरं काही नाही. हेडफोनमध्ये नुसती खरखर. आबा उठून बसले, मुंडासं नीट केलं आणि म्हणाले, "हां. लाव फिनलंडवाल्याचं."

काकांनी पट्ट्यांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग माइक उचलला आणि म्हणाले, "मंडळी, आज डोंगरावर धुकं हाय."

सुरुवात ही अशी झाली. त्यात कुणाला फसवण्याचा बेत नव्हता. एका दिवसाचं भागवावं एवढंच असावं. मी खरखरता हेडफोन काढायला लागले तर काकांनी खुणेने तो राहू द्यायला सांगितला. थोड्या वेळाने आबांनी विचारलं, "पोरी, गोरा काय म्हणतोय?" मला खोटं बोलता येत नाही, म्हणजे बोलायचं ठरवलं तरी आवाज फुटत नाही. मी म्हणाले, "काहीच म्हणत नाहीये, आबा." आबा समाधानाने म्हणाले, "आवाक झाला आसंल."

गावातल्या टीव्हींवरही त्याच आडव्या पट्ट्या दिसत होत्या, त्यामुळे गावाला पहिल्याच दिवशी सगळं कळलं. पण कुणी आबांना काही बोललं नाही. तसं कुणी ठरवलंही नव्हतं. बोललं नाही, एवढंच. उलट लोक पट्ट्या लावून ऐकत बसायला लागले. खरं सांगायचं तर चित्र होतं तेव्हापेक्षा खेळ आता जास्त चांगला चालला होता. काकांनी डोंगराखाली एक गाव वसवलं. फिनलंडवाल्याला एक म्हातारी आजी दिली, कळपातला एक रेनडिअर लंगडा केला, आणि शेजारच्या देशाचा एक उर्मट प्रतिस्पर्धी आणला. तो उडी मारायच्या आधी प्रेक्षकांकडे बघून हसायचा. आमच्या आत्याने त्याला प्रत्यक्षात कधी पाहिलं नव्हतं, तरी त्याचं नुसतं वर्णन ऐकून ती भाकरी जोरात थापायची. फिनलंडवाला हवेत किती वेळ राहील याला मात्र काही धरबंध उरला नाही. एकदा तो नुकताच झेपावला होता आणि एक बाई ज्वारीचा डबा घेऊन आली. घरी पाहुणे खोळंबले होते, पीठ संपलं होतं. काका माइकमध्ये म्हणाले, "मंडळी, गडी वर हाय, जरा धीर धरा," आणि गिरणी चालू करायला गेले. डबा दळला, चाळला, बाई जरा जाड आलं म्हणाली म्हणून परत दळला. परत येऊन त्यांनी माइक उचलला तेव्हा फिनलंडवाला होता तिथेच, हवेत, पुढे वाकलेला. गावात कुणी टीव्ही बंद केला नव्हता.

आणि खोटं असलं तरी त्यात काकांचे नियम फार कडक होते. फिनलंडवाला कधी कधी हरत असे. हरला की दुसऱ्या दिवशी गिरणीवर माणसं येत. "तात्या, काल का हरवला त्याला?" काका गंभीरपणे सांगत, "मी कशाला हरवू? वारा उलटा होता." "आरं पण वारा तुझाच न्हाय का?" "वारा कुणाचा नसतो, आण्णा," असं म्हणून ते गहू ओतायला वळत. धरणावर मासे धरणारा एक जण तर एका सकाळी ताजी चिलापी घेऊन आला आणि म्हणाला, आज उर्मटाला पाड, फळ्यांसकट पाड. काकांनी चिलापी परत पाठवली. त्या संध्याकाळी उर्मटच जिंकला. आत्या दोन दिवस दिरांशी बोलली नाही. तिचं म्हणणं होतं की पाडायचं नव्हतं तर नका पाडू, पण मासा तरी ठेवून घ्यायचा.

असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण जत्रा जवळ आली. जत्रेच्या मैदानात शेवटच्या कुस्तीआधी एका मोठ्या माणसाला फेटा बांधून, नारळ देऊन त्याचा सत्कार करायची आमच्याकडे रीत आहे. माणूस कुठला, हे ठरवण्याचा मान दरसाल एका जुन्या पैलवानाकडे असतो. त्या वर्षी तो मान आबांकडे आला. जत्रेचे पंच गिरणीत येऊन बाजेभोवती बसले, चहा झाला आणि आबांनी अजिबात न थांबता सांगितलं, "फिनलंडवाल्याला बोलवा."

 गिरणीच्या चाळणीतून थोडं पीठ सांडलं. एक पंच म्हणाले, "आबा, लई लांब पडतं ओ." आबा म्हणाले, "मेंढरामागं हिंडणाऱ्याला लांब काय सांगताय? पत्र टाका. ही पोर विंग्रजीत लिवून दील. म्हणावं, हितं एक म्हातारा तुझी वाट बघतोय. मला फकस्त त्याच्या पिंडऱ्या चाचपून बघायच्या हायेत." मग त्यांनी आवाज उतरवला आणि म्हणाले, "पुढच्या जत्रंला मी आसंन का न्हाय, काय सांगावं?"

बाहेर ओट्यावर आल्यावर पंचांनी युक्ती काढली. कारखान्याच्या वसाहतीत एक उंच, गोरापान साहेब राहायला आला होता. त्याला विनवायचं, पायात बूट घालून उभा करायचा. तो नुसती मान हलवेल. "आन् विंग्रजी बोलाया ही हाय की," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. भर मैदानात, माइकसमोर उभी राहून मी फिनलंडच्या वतीने चार शब्द बोलायचे होते. पुढची एसटी किती वाजता आहे, याचा मी विचार करायला लागले. एक जण काकांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तात्या, एवढं दिवस रेटलंस. अजून एक दिवस रेट. म्हातारा खूस हुईल." 

काका नकारार्थी मान हलवत राहिले. "न्हाय," ते म्हणाले. "हवेतला माणूस मी कितीबी येळ धरीन. जमिनीवर उभा करायचा म्हंजे त्याला पाय लागत्यात. आबा पिंडरीला हात लावणार. आबांच्या हाताला कळत न्हाय व्हय, कोण उड्या मारणारा आन् कोण खुर्चीत बसणारा?"

"मग सांगणार काय त्येस्नी?"

"बघतो," काका म्हणाले, आणि आत गेले. मी त्यांना इतका छोटा शब्द एकटाच वापरताना तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

त्या संध्याकाळी त्यांनी गिरणी नेहमीपेक्षा लवकर थांबवली. आबांची उशी नीट केली, मला हेडफोन दिला, आणि माइक घेऊन उभे राहिले. एरवी ते बसून बोलत. गावात बहुतेक कुणकुण लागली असावी, कारण बाहेर रस्त्यावर सायकलसुद्धा वाजत नव्हती. "मंडळी," काका म्हणाले, "आज फिनलंडवाल्याची शेवटची उडी. ह्या उडीनंतर गडी खेळ सोडणार हाय." आबा म्हणाले, "का? एवढ्यात?" काका म्हणाले, "आजी थकलीय त्याची. कळप बघायला कोण न्हाय." आबांनी हे मान्य केलं. मग काकांनी त्याला डोंगरावर चढवला. वाटेत भेटलेल्या लोकांचे रामराम सांगितले. फळ्या बांधल्या. वारा पडला होता, ऊन होतं, उर्मटसुद्धा टोपी काढून उभा होता. फिनलंडवाला घसरत निघाला, टोकाला आला आणि झेपावला.

आणि काका थांबले.

त्यांनी त्याला अजून वर नेला, हे मला त्यांच्या हातावरून दिसलं; माइक नसलेला हात सावकाश वर गेला होता आणि तिथेच राहिला होता. पण शब्द येईना. पडद्यावर पट्ट्या सरकत होत्या. 

"पाठ टेकली का रं?" आबांनी विचारलं.

"न्हाय आबा."

"मग कुठं हाय?"

काकांनी हात खाली घेतला. "दिसंना झालाय, आबा." मग माइक तसाच चालू, तोंडाशीच होता, हे विसरून, किंवा न विसरून, ते म्हणाले, "आजचं न्हाय. कवापासनंच दिसत न्हाय. आपल्याकडं पेटी न्हाय. टीव्हीवर नुसत्या पट्ट्या हायेत. समदं मीच बोलत होतो. तो यायचा न्हाय जत्रंला. मी कुठनं आणू त्याला?"

 आबांचा चेहरा टीव्हीकडेच होता. मी हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळत राहिले. आत्या दाराच्या चौकटीत उभी होती, पिठाचे हात तसेच.

"मला तरी कुठं दिसतंय?" आबा म्हणाले. आणि मग थोड्या चिडक्या आवाजात, "ते ऱ्हाऊ दे. आदी त्याला खाली उतरव. पोरगं कवाधरनं वर हाय."

काकांनी त्याला खाली उतरवला. इतक्या हळू मी कुणाला कधी उतरताना ऐकलेलं नाही. आधी डोंगर जवळ आला, मग झाडांचे शेंडे, मग माणसं, मग माणसांचे चेहरे, मग आजी. काकांचा आवाज मैदानातला राहिला नव्हता. आबांना जेवायला वाढताना ते 'हितं भाकरी हाय, हितं कालवण' असं सांगत, तसा तो झाला होता. फळ्या बर्फाला लागल्या. एक पाय, मग दुसरा. "पायावर उतरला, आबा," काका म्हणाले. आबांनी मुंडासं काढून मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "झ्याक."

दुसऱ्या दिवशी पंच पडेल चेहऱ्याने आले तेव्हा आबांनीच त्यांना सांगितलं, "फिनलंडवाल्याला बोलवू नगा. बर्फातला गडी हाय तो. आपल्याकडच्या उन्हात वितळंल बिचारा." मग त्या वर्षीचा फेटा कुणाला द्यायचा असं विचारलं, तर ते म्हणाले, तुमचं तुमी बघा. पंचांनी आपसात बघितलं आणि तो काकांना बांधला. काकांनी तो कुस्ती सुरू होण्याआधीच सोडला. डोकं घामेजलं की आवाज बसतो, असं त्यांनी कारण दिलं.

खेळ त्यानंतरही चालू राहिला, फिनलंडवाल्याशिवाय. फक्त आता आबा मध्येच सूचना करायला लागले. "त्या उर्मटाला एक पोरगी दे. लग्न झालं की सुधारंल." काका म्हणत, "बघतो, आबा." उर्मटाचं लग्न ठरलं होतं, पण त्याआधीच, पुढच्या जत्रेच्या अलीकडे, आबा गेले.

त्यानंतर कंपनीचं मन बदललं आणि लहान गावांनाही पेट्या मिळायला लागल्या. मी गेले तेव्हा गिरणीमागच्या खोलीत पेटीचा लाल दिवा लागलेला होता, बाज काढून त्या जागी गव्हाची पोती रचली होती, आणि टीव्हीवर चित्र इतकं स्वच्छ होतं की झाडांच्या फांद्यांवरचा बर्फ वेगळा दिसत होता. योगायोगाने तोच खेळ लागला होता. गोऱ्या माणसाचा आवाज चालू होता. मी विचारलं, "काका, तुम्ही बोलत नाही?" ते म्हणाले, "आता समद्यांस्नी दिसतंय की." कुणी एक खेळाडू घसरत आला, झेपावला आणि मला नीट बघायलाही मिळाला नाही तोवर उतरून फळ्या सोडायला लागला. काकांनी भुवईवरचं पीठ पुसलं.

"लई लवकर उतरत्यात गं," ते म्हणाले. मग दुसऱ्याने झेप घेतली. आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो, आणि मी पाहिलं, काकांचा एक हात मांडीवरून थोडासा वर गेला होता.